केळ्यातला चुना

शांतीलाल बडोद्याला नेमकं करतो तरी काय, हे तापीकाठच्या त्या गावात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. नावाआधी डॉक्टर लागलेलं, पण सुट्टीत घरी आला की खोकल्या-पडशाचं औषध मागायला आलेल्यांना हात जोडून परत पाठवायचा. सुई नाही, गोळी नाही, हा कसला डॉक्टर! शेवटी त्याचे वडील भिकन पाटील स्वतःच उठले. चौसष्ट सालच्या हिवाळ्यात, कापूस घरात आल्यावर, त्यांनी धुवट टोपी चढवली, नंदुरबारला गाडी धरली आणि पोरगा काय दिवे लावतोय ते बघायला थेट बडोद्याच्या प्रयोगशाळेत जाऊन थडकले.

शांतीलाल हरखला. बापाला दाखवायचं तर साधंसुधं कशाला? त्यानं बेडकाचं हृदय दोऱ्याला बांधून टांगलं आणि वरून नळीनं खारं पाणी सोडलं. अंगाबाहेर निघालेलं ते बोराएवढं हृदय खुशाल धडधडत होतं. मग त्यानं पाणी बदललं. ठोके मंदावले, मंदावत गेले आणि थांबले. भिकन पाटलांनी नकळत टोपी काढली. तेवढ्यात शांतीलालनं दुसऱ्या बाटलीतले काही थेंब पाण्यात सोडले, आणि थोड्या वेळानं ते मेलेलं हृदय पुन्हा हललं, आवळलं, चालू लागलं.

"काय शे रे त्या बाटलीमा?" भिकन पाटलांचा आवाज चिरकला.

कॅल्शियम क्लोराइड, असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण बापाला समजेल असं बोलण्याची शांतीलालला भारी हौस.

"चुनामा जे ऱ्हास ना बापू, तेच."

मग त्यानं आपलं सगळं संशोधनच उलगडून सांगितलं. पायाच्या स्नायूचं घर भरलेलं असतं, त्याच्या कणगीत कॅल्शियमचा साठा असतो. बाहेरून मिळालं नाही तरी तो बराच वेळ आखडतो, सैलावतो. हृदय मात्र हातावर पोट असलेलं. त्याला प्रत्येक ठोक्याला बाहेरून थोडं आत घ्यावं लागतं. ते कुठल्या दारानं आत शिरतं, तेवढंच तो शोधत होता. भिकन पाटलांनी कणगी, दार सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि गावी परतले ते एकच गोष्ट गाठीला बांधून. मन्हा पोऱ्या मेलेलं काळीज चुन्यानं जितं करस, असं ते वर्षभर पारावर सांगत होते.

दुसऱ्या वर्षी शांतीलालच्या आईचे, जमनाबाईंचे, पाय सुजले. बोट दाबलं की खळगा पडायचा. चार पावलं चालल्या की धाप लागायची, आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा. नंदुरबारच्या डॉक्टरांनी तपासलं, हृदय थकलंय म्हणाले, डिजिटॅलिसच्या गोळ्या दिल्या आणि वर बोट दाखवलं. धाकट्या कोकिळानं भावाला तार केली.

शांतीलाल आला. आई उशांना टेकून बसलेली होती. हृदयाचा स्नायू कसा आवळतो यावर तो तासभर बोलला असता. आईचा श्वास मोजत तो नुसता बसून राहिला. एका बेडकाच्या हृदयावर सगळी विद्या, आणि ही माय! आपण किती निरुपयोगी आहोत हे त्याला इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं.

सकाळी भिकन पाटील मळ्यातलं केळं घेऊन आले. बायकोच्या पलंगाशी बसून त्यांनी ते सोललं, बोटानं मधोमध खाच केली, डबीतला चुना हरभऱ्याएवढा घेऊन त्या खाचेत भरला आणि तुकडा तिच्या तोंडाशी धरला. काविळीला केळ्यातून चुना देण्याची रीत गावात होतीच, तिचं कुणालाच नवल नव्हतं.

"बापू, हाई काय करी ऱ्हायनात?"

"तूच तं दखाडेल व्हतं," भिकन पाटील अभिमानानं हसले. "रोज देस मी तिले. चुकाडत नही."

शांतीलालनं आईच्या उशाशी ठेवलेली गोळ्यांची बाटली उचलून बघितली. डॉक्टरांची गोळी आणि कॅल्शियम हृदयाला एकाच बाजूला ओढतात, हे त्यानं वाचलं होतं. गोळी चालू असताना शिरेतून कॅल्शियम दिलं तर हृदय भलतंच आवळून बसतं. पण केळ्यातला एवढासा चुना? त्यातला रक्तापर्यंत पोचतो किती? बहुधा काहीच नाही. बहुधा. साऱ्या विद्येच्या टोकाला हा एवढाच शब्द त्याच्या हाती लागत होता. त्यानं नंदुरबार गाठून डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बंदच करा हो, उगाच जोखीम कशाला?"

त्यानं बंद केलं. भिकन पाटील वादाला उभे राहिले.

"पानी बदलं तं बंद पडनं व्हतं. चुना टाका तं चालू व्हयनं. मन्हा डोयासमोर! आते तूच बंद करस?"

"बापू, ते बेडूकनं होतं. ही गोष्ट निराळी."

"काय निराळी, सांग ना."

शांतीलालनं सांगितलं. गोळी, रक्त, आतलं, बाहेरचं. सांगता सांगता त्याच्याच कानाला ते लबाडासारखं वाटू लागलं. भिकन पाटलांनी चुन्याची डबी त्याच्यापुढे ठेवली आणि ते मळ्याकडे निघून गेले. शिकलेल्या मुलापुढे त्यांनी कधी हट्ट धरला नव्हता, याही वेळी धरला नाही.

जमनाबाई हळूच मुलाला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे व्हतं ना, भाऊ. सारी उमरमा तुन्हा बापनी मन्हा हातवर काय ठेवं? आते रोज केयं सोली देत व्हता."

"साधं केळं देतील की, माय."

पण भिकन पाटलांना साध्या केळ्यात काही अर्थ वाटेना. सकाळी ते दारातून डोकावायचे, बायकोकडे बघायचे, मुलाकडे बघायचे आणि रिकाम्या हातांनी परत फिरायचे. इकडे जमनाबाईंची सूज मांडीपर्यंत चढली. गोळ्या चालू होत्या, मीठ बंद होतं, नंदुरबारचे डॉक्टर दोनदा येऊन गेले. जे होणार होतं ते चुन्यानं घडत नव्हतं आणि चुना बंद केल्यानंही घडत नव्हतं, असं शांतीलालचं मन म्हणायचं. पण त्याचा पुरावा त्याच्यापाशी नव्हता. प्रयोगशाळेत तो एक हृदय चुन्यासकट आणि एक चुन्यावाचून ठेवून बघायचा. इथं आई एकच होती.

एका दुपारी तिची नाडी अडखळायला लागली. शांतीलाल मनगट धरून बसला होता. दोन ठोके, मग खंड, मग घाईघाईनं चार. कोकिळा पायांशी रडत होती. भिकन पाटील आत आले, हातात सोललेलं केळं, मधल्या खाचेत पांढरा ठिपका.

"एक डाव देऊ दे," ते म्हणाले. म्हातारा अक्षरशः गयावया करत होता. "एकच डाव, भाऊ."

आता द्यायला काय हरकत होती? पण तिला गिळवत नव्हतं, घास श्वासात अडकला असता. आणि दिल्यावर ती गेली असती, तर पुढे कधीतरी बापानं विचारलंच असतं, चुन्यानं तर नाही ना गेली? शांतीलालनं मान हलवली. नाही. बोटांखालचा खंड लांबत गेला, आणि पुढचा ठोका आलाच नाही.

तापीवर सगळं आटोपलं. माणसं पांगली. भिकन पाटील पाण्याकडे तोंड करून उभे होते.

"बेडूकले दिनं तू," ते म्हणाले. "मायले नही दिनं."

शांतीलालजवळ उत्तर होतं, चांगलं लांबलचक. पण ते पुरतं सांगायचं तर बापाच्या हातच्या केळ्यावरही बोट ठेवावं लागलं असतं. रोज सोललेली ती केळी म्हाताऱ्याच्या घशात आयुष्यभर अडकली असती.

"चुकनं मन्हं, बापू," तो म्हणाला.

भिकन पाटील पाण्याकडून वळले. मग त्यांनी मुलाच्या पाठीवर हात ठेवला. 

"नीट शिक, भाऊ," ते म्हणाले. "दुसरानी मायले तरी दे."