जास्वंदीवरचे पांढरे किडे

घड्याळजींना रिकामं बसणं म्हणजे शिक्षाच. दुकान बंद करून वर्ष झालं, तरी हातांना चैन नव्हतं. काही ना काही उघडून बघायला ते सारखे शिवशिवत. त्यात बायको पंधरा दिवसांसाठी बहिणीकडे गेलेली. जाताना तिने गॅलरीतल्या जास्वंदीकडे बोट दाखवून बजावलं, "फक्त पाणी घाला. बाकी कशाला म्हणजे कशाला हात लावू नका."

बजावणारच. तिचा मोगरा त्यांनी मागे 'जरासा नीट' केला होता, त्याच्या काड्याच उरल्या. यावेळी तिचा विश्वास परत मिळवायचाच, असं त्यांनी मनाशी घेतलं होतं.

दुसऱ्याच दिवशी पानांच्या बेचक्यांत कापसाचे ठिपके दिसले. पिठ्या ढेकूण, झाडाचा रस शोषणारी कीड! आता हात बांधून कोण बसणार? त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, बारीक चिमटा घेतला. छोटे ढेकूण जागचे हलत नव्हते, पण त्यांच्यात काही चांगलेच मोठे, झुपकेदार किडे तुरुतुरु पळत होते. हेच यांचे म्होरके, असं त्यांनी ठरवून टाकलं. एकेकाला हेरून साबणाच्या पाण्यात बुडवलं. चहा गार झाला, पाठ भरून आली, पण समाधान असं की विचारू नका.

आठवडाभरात मोठे किडे संपले आणि छोटे दुपटीने वाढले. पानं चिकट झाली, कळ्या गळू लागल्या. घड्याळजी घरभर येरझारा घालत. बायको यायला चार दिवस उरले, तेव्हा त्यांनी एक फांदी कापली, बुडवलेले किडे बाटलीत भरले आणि रोपवाटिका गाठली.

रोपवाटिकेच्या बाईंनी बाटली उजेडात धरली आणि कपाळाला हात लावला.

"काका, हे ढेकूण नाहीत. ढेकूण खाणाऱ्या भुंग्यांच्या अळ्या आहेत या. दिसतात तशाच पांढऱ्या, म्हणून लोक फसतात. काकूंनीच तर नेल्या होत्या माझ्याकडून, गावाला जायच्या आदल्या दिवशी."

घड्याळजींनी बाटली हळूच परत घेतली. राखणदार वेचून मारले होते त्यांनी, तेही भिंग लावून.

घरी येऊन त्यांनी पान न् पान उलटून पाहिलं. एकही अळी उरली नव्हती. खोटं बोलणं त्यांना कधी जमलं नाही. त्यांनी फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

पलीकडे बायको हसलीच.

"अहो, वरच्या मजल्यावरच्या ताईंकडे जा. निम्म्या अळ्या त्यांच्या कुंडीत सोडल्यात. चार मागून आणा आणि फांदीवर ठेवा."

"त्यांच्याकडे कशाला ठेवल्यास?"

"तुम्ही मारणार हे ठाऊक होतं म्हणून."

"मग मला आधी सांगायचंस ना!"

"सांगितलं असतं तर तासातासाला उचलून भिंगाखाली धरल्या असत्या तुम्ही. तशाही मेल्याच असत्या."

त्यांनी फोन ठेवला. झाड वाचणार होतं, हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण इतक्या वर्षांच्या संसारात तिने आपल्याला किती अचूक ओळखलंय, हे मनाला चांगलंच लागलं.

ते जिना चढून वर गेले. वरच्या ताईंनी दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि हातातली कुंडी अलगद पाठीमागे नेली.

"काकूंनी फोन करून सांगितलंय," त्या संकोचून म्हणाल्या, "तुमच्या हातात द्यायच्या नाहीत. मीच येते खाली."