होकाराचा रकाना
आमच्याकडे ‘बरं’ म्हणजे हो नव्हे. ‘बरं’ म्हणजे ऐकलं. दारी आलेल्या माणसाला तोंडावर नाही म्हणवत नाही, म्हणून बरं म्हणायचं आणि ज्या दिवशी बोलावलंय त्या दिवशी रानात निघून जायचं. जव्हारजवळच्या साखरशेत गावात जन्मलेल्या मला हे कुणी शिकवायला नको होतं. तरी मी ‘हो’ लिहिलं.

अठ्ठ्याण्णव साली मुंबईची एक संस्था बायकांच्या रक्ताचा अभ्यास करायला जव्हारला आली. आधीच्या अभ्यासात सगळ्या शहरातल्याच बायका होत्या, म्हणून या वेळी डोंगरपाड्यांवरच्या, प्रत्येक जमातीतल्या हव्या होत्या. मी बारावी झालेली, पाड्यांवरची बोली येणारी. नावं गोळा करायला मला नेमलं. अर्जावर ‘होकार’ असा रकाना होता, ‘बरं’चा नव्हता. वीस दिवस पाय तुटेस्तोवर फिरले, चाळीस बायका मला बरं म्हणाल्या आणि मी चाळीस बरोबरच्या खुणा केल्या. येणार कोण आहे, म्हटलं, यादी तर भरेल.

पण मुंबईची माणसं हुशार. त्यांनी ठरल्या दिवशी सकाळीच जीप थेट पाड्यांवर पाठवली आणि ड्रायव्हरने कागदावरून नावं वाचली. कागदावर नाव आलं म्हणजे सरकारी काम. सगळ्या खेपेखेपेने निमूट जीपमध्ये चढल्या. त्यांत माझी मामेबहीण कोंडीही होती. तिला पाचवा महिना होता आणि आधीची दोन पोटातच गेली होती.

रक्त घ्यायचं होतं त्या जामसरच्या शाळेच्या पडवीत ती माझ्या शेजारी बसली.

“पुष्पे, सुई नको गं. या बारीला अंगाला कुणाला हात लावू देयाचा नाय, असं ठरवलंय मी.”

“मग आलीस कशाला?”

“नाव वाचलं ना. तूच लिवलंस.”

“तू बरं बोललीस.”

“बरंच बोलली. व्हय कुठं बोलली?”

मला तिचा राग आला. खरं तर स्वतःचाच आला, पण तो काढणार कुणावर? कोंडीचं खरं सांगितलं तर बाकीच्या एकोणचाळीस जणींचं काय, हे मुंबईची माणसं विचारणारच. अख्खी यादी खोटी ठरली असती आणि माझं काम त्याच दिवशी संपलं असतं.

संस्थेच्या डॉक्टरबाई आल्या. बाई भल्या होत्या, तेच वाईट झालं.

“यांची मनापासून तयारी आहे ना?” कोंडीची बोली कळत नाही म्हणून त्यांनी मलाच विचारलं. “नसेल तर आत्ता घरी सोडू. काही बिघडत नाही.”

कोंडी माझ्याकडे बघत होती. एवढंसं ‘नाही’ म्हणायचं होतं.

“हो,” मी म्हटलं.

कोंडीने मान फिरवली आणि हात पुढे केला. सुई टोचली तेव्हा तिचा दुसरा हात पोटावर होता. मी खाली फरशीकडे बघत बसले. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

निघताना डॉक्टरबाई खुशीत होत्या. “पुष्पलता, एवढ्या बायका कुणी जमवून दिल्या नव्हत्या. पुढच्या महिन्यात मोखाड्याची यादी तुम्हीच करा.”

कोंडी कापूस दाबून पायरीवर बसली होती. तिने वर पाहिलं.

“बरं,” मी म्हटलं.

बाईंनी वहीत माझं नाव लिहून घेतलं.