चपलांपाशी

"अब्बा, अर्धा ग्लास तरी घ्या. उद्या सिस्टर आल्या की माझीच हजेरी घेतील."

"तहान नाही," म्हणून नळवाल्यांनी तोंड फिरवलं.

सुनेने ग्लास खिडकीत ठेवला. सासऱ्यांची तहान कुठे गेली, हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाणी प्यायलं की मांडीला बांधलेली लघवीची पिशवी भरते, म्हणून पाणीच बंद. दोनदा जंतुसंसर्ग झाला, दोन्ही वेळा तापाने फणफणले, पण म्हातारा ऐकेल तर शपथ. आता पुन्हा झालं तर किडन्यांचं काही खरं नाही, असं सिस्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं.

चाळीस वर्षं लोकांच्या घरची गळती थांबवली, म्हणून सगळी गल्ली त्यांना नळवाले म्हणायची. मशिदीतले वजूचे, म्हणजे नमाजेआधी हातपाय-तोंड धुण्याचे, बारा नळही त्यांच्याच हातचे, आणि त्याचा तोरा काय विचारता. "एक थेंब गळला तर नाव बदलीन," म्हणायचे. नऊ महिन्यांपूर्वी त्यांनाच नळी बसली आणि माणूस मागच्या खोलीचा झाला. पलंग, बादली, खिडकी, एवढीच खोली. खिडकीतून मशिदीची भिंत दिसे. दिवसातून पाच वेळा अजान व्हायची, आणि पाचही वेळा नळवाले कूस बदलून पडून राहायचे.

बायको गेल्याचं त्यांनी मनाला लावून घेतलंय, असं मुलगा म्हणे. तिला जाऊन सहा महिने झाले होते. तिच्या जनाज्याच्या नमाजेला सगळी गल्ली मशिदीत रांगेत उभी राहिली. नळवाले तेवढे बाहेर, चपलांपाशी उभे होते. बिचाऱ्याला सोसवत नाही, असं लोक म्हणाले.

सुनेने शेवटी हात टेकले आणि इमामसाहेबांना निरोप धाडला.

इमाम तरुण होते, नळवाल्यांच्या मुलाच्या वयाचे. दुपारी आले आणि पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसले.

"चाचा, पाचवा नळ गळतोय."

"दुसऱ्या कुणाला तरी सांगा. मी यायचा नाही."

"का?"

नळवाल्यांनी कूस बदलली. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "मी पाक नाही, इमामसाहेब. आत नळी आहे. सारखं ठिबकत असतं. वजू टिकणार कसा? नऊ महिने नमाज नाही माझी."

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"सांगायला कशाला हवं? लहानपणापासून शिकलोय की."

"मग पुढचंही ऐका. जे आपल्या हातात नाही, त्याला सूट आहे. नमाजेची वेळ झाली की पिशवी रिकामी करायची, नवा वजू करायचा आणि पढायचं. मध्ये ठिबकलं तरी चालतं. पिशवी नीट बंद असली तर मशिदीतही यायचं. पाणी तोडून शरीराचे हाल करता ना, त्याचा मात्र जाब द्यावा लागेल. शरीर अमानत आहे, आपल्या मालकीचं नाही."

दाराशी उभ्या सुनेला वाटलं, सुटलो एकदाचे. पण नळवाल्यांचा चेहरा उतरतच गेला.

"म्हणजे तिच्या वेळीही चाललं असतं?"

इमामांना काहीतरी गोलमाल उत्तर देता आलं असतं. त्यांनी दिलं नाही.

"चाललं असतं, चाचा."

"आत उभं राहता आलं असतं मला."

"हो." इमामांनी मान खाली घातली. "तुम्ही बाहेर उभे होतात ते मी पाहिलं होतं. मीही विचारलं नाही."

बेचाळीस वर्षांचा संसार, आणि तिच्या शेवटच्या नमाजेला ते पाच मिनिटं रांगेत उभे राहिले नव्हते. अडवलं कोणीच नव्हतं. नळवाल्यांना रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"तिच्यासाठी दुआ आजही करता येते," इमाम हळूच म्हणाले.

बऱ्याच वेळाने नळवाल्यांनी खिडकीतला ग्लास उचलला, सावकाश रिकामा केला आणि सुनेपुढे धरला. "अजून दे."

संध्याकाळच्या अजानला ते भिंत धरत निघाले. सून मशिदीच्या फाटकापर्यंत सोबत आली. अंगणातल्या पाचव्या नळापाशी ते वाकले आणि बोटाने तोटी चाचपली. एक थेंबही गळत नव्हता. "इमामही खोटं बोलतात," असं पुटपुटत त्यांनी तिथेच वजू केला.

आतल्या दारापाशी चपलांची रांग लागली होती. आत लोक खांद्याला खांदा लावून उभे राहत होते. कोणीतरी मागे पाहिलं आणि सरकून जागा केली. नळवाले सहा महिन्यांपूर्वी जिथे उभे होते, तिथेच थोडा वेळ थांबले. मग त्यांनी चपला काढल्या, इतरांच्या चपलांशेजारी नीट लावल्या आणि उंबरा ओलांडला.