अर्ध्या सेटची किटली

मी किटली बोलतेय. टपरीवरची काळवंडलेली ॲल्युमिनियमची नव्हे. चिनीमातीची, पोटानं गोल, अंगावर निळ्या बोरांची एक बारीक फांदी असलेली. भट्टीतून निघालो तेव्हा आम्ही नऊ जण होतो: मी, आपापल्या बशांसकट सहा कप, दुधाचं भांडं आणि साखरदाणी. आमच्यावर फांदी काढणारी बाई एकच. एका दमात देठ ओढायची आणि प्रत्येकाच्या तळाशी आपला आकडा टाकायची, सतरा.

लग्नातली भेट म्हणून आम्ही एका घरी गेलो. घरच्या बाईंना आमचं इतकं कौतुक, की माझा चहा गरम राहावा म्हणून त्यांनी टिकोझी शिवली आणि तिच्यावर हीच फांदी रेशमानं भरली. त्यांच्या दोन मुली आमच्यासमोर मोठ्या झाल्या. थोरली शाळेत गणित शिकवू लागली, धाकटी लायब्ररीत लागली. आई गेल्यावर सेट दोघींनाही हवा होता. थोरलीनं जागच्या जागी निकाल लावला: "तीन कप तुला, तीन मला. किटली तुला, दुधाचं भांडं, साखरदाणी आणि टिकोझी मला." वाटणी अगदी चोख झाली. बोलणं मात्र त्या दिवसापासून बंद.

धाकटी रोज माझ्यातच चहा करायची. एका दुपारी तिनं मला टॉवेलात गुंडाळून पिशवीत घातलं आणि बहिणीच्या इमारतीत गेली. दोन जिने चढली. वरून थोरलीचा आवाज आला, कुणाला तरी फैलावर घेत होती. धाकटीचा पाय पुढे पडेना. कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली आणि तशीच मागे फिरली. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. मी तर काय, गप्पच.

पुढे तिचे तिन्ही कप एकेक करून फुटले आणि शेवटी तीही गेली. घर रिकामं करणाऱ्यांनी मला जुन्या सामानाच्या दुकानात दिलं. तिथं एका बंद घड्याळाशेजारी मी पडून होते, पोटात कुठल्या कुठल्या कुलपांच्या चाव्या घेऊन.

एक दिवस रफूताई आल्या. रफूचं दुकान चालवायच्या, म्हणून सगळे त्यांना रफूताईच म्हणत. फाटलेल्या कोटाला तो कोट विणणाऱ्यालाही सापडू नये असा जोड देणारी बाई! जुने टी-सेट जमवायचा त्यांना नाद. त्यांनी मला उचललं, चाव्या काढून ठेवल्या, नखानं टिचकी मारून कान दिला. खिडकीपाशी नेऊन उजेडात फिरवलं, कुठे तडा लपवलाय का बघायला. झाकण निसटतं का पाहायला ते बोटानं न धरता मला वाकवलं. मग उलटी करून तळ पाहिला.

"सतरा," त्या पुटपुटल्या. "भाऊ, हिचे कप कुठायत?"

"कप नाहीत ताई. त्यापेक्षा हा सोनेरी काठाचा पूर्ण सेट घ्या की. शोकेसमध्ये काय उठून दिसेल!"

"याचं सोनं नवं आहे, भाऊ. जिथं हात लागतो तिथंच नेमकं झिजलेलं नाही. मला हीच द्या. हिचे कप मी शोधीन."

घरी आणखी अकरा सेट होते. मुलगा हसून म्हणाला, "आई, आता पाहुण्यांना फडताळात बसवू आणि सेट खुर्च्यांवर ठेवू."

"पाहुणे येतात आणि जातात," रफूताई म्हणाल्या.

माझ्या कपांसाठी त्यांनी नऊ वर्षं दुकानं पालथी घातली. एकदा तर चार कप मिळाले, हुबेहूब हीच फांदी! घरी आणून माझ्याशेजारी ठेवले आणि त्यांचा चेहरा पडला. कपांचा पांढरा रंग निळसर होता, माझा सायीसारखा. तळाला आकडाही नव्हता. मागाहून कुणीतरी केलेली नक्कल. "घाईत डोळे घरी ठेवून गेले होते," असं म्हणून त्यांनी ते कप दुकानातल्या चहाला लावले आणि पुढच्या सुट्टीला पुन्हा बाहेर पडल्या.

शेवटी माग लागला तो त्यांच्याच दुकानात. एक बाई कसर लागलेली टिकोझी रफूला घेऊन आली. रफूताईंनी ती उलगडली, वर रेशमानं भरलेली माझीच फांदी दिसली आणि सुई हातातच राहिली.

"ही कुणाची?"

"आमच्या आजींची. मी त्यांच्याकडे सोबतीला असते. का हो, होणार नाही का?"

"होईल. पण मी स्वतः आणून देईन."

आठवड्यानं मला पिशवीत घालून त्या निघाल्या. दोन जिने मी ओळखले. या वेळी आम्ही तिसराही चढलो. थोरली आता पार थकली होती, पण खुर्चीत पट्टीसारखी ताठ. मला टेबलावर ठेवलं तशी तिची नजर फांदीवर गेली. मग म्हणाली, "कप विकायचे नाहीत."

"आणि मला किटली विकायची नाही," रफूताई म्हणाल्या.

"हिला तिनं कपाटात मिरवायला ठेवलं असेल. मला सगळं माहीत आहे."

रफूताईंनी माझं झाकण काढलं आणि मला तिच्यासमोर धरलं. "आत बघा, बाई. हा तपकिरी थर दोन-चार वर्षांत बसत नाही. मी तो मुद्दाम घासला नाही. रोजच्या चहाशिवाय असा थर धरत नाही."

थोरलीनं आत बोट फिरवलं. बोट बराच वेळ आतच होतं. जिन्यातली ती दुपार सांगायला त्या क्षणी मला तोंड हवं होतं. आहे ती नुसती चोच.

"किटली इथेच ठेवून जा," ती म्हणाली.

"नाही. नऊ वर्षं वणवण केलीय मी. तुम्ही कप सोडणार नाही, मी किटली सोडणार नाही. पण दर गुरुवारी घेऊन येईन. चहा एकत्र होईल."

"गुरुवारी मला जमत नाही. मंगळवारी या."

"तुम्हाला कुठे जायचं असतं हो गुरुवारी?" सोबतीण न राहवून म्हणाली. तिच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही.

तेव्हापासून मंगळवार ठरला. दोघींचं प्रत्येक गोष्टीवरून वाजतं. दूध आधी की चहा आधी, यावरून तर दोन मंगळवार अबोला होता. आल्या मात्र रफूताई दोन्ही वेळा.

यंदा थोरलीची नजर गेली. गेल्या मंगळवारी रफूताई मला उचलणार, तोच ती म्हणाली, "थांबा. आज मी ओतणार."

"आजी, भाजेल!" सोबतीण पुढे झाली.

"भाजलं तर ओरडेन. सरक."

रफूताईंनी स्वतःचे दोन्ही हात पदराखाली घट्ट धरून ठेवले. आयुष्यभर दुसऱ्याचं फाटलेलं नीट करणाऱ्या बाईला नुसतं बसून राहणं किती जड जात होतं, ते मला दिसत होतं. थोरलीनं माझा कान पकडला. दुसऱ्या हातानं कप चाचपला, त्याच्या काठाच्या आत बोटाचं टोक ठेवलं, आणि मला वाकवलं. मी जितकं सावकाश ओतता येईल तितकं ओतलं. बोटाला चटका बसला तशी ती थांबली. कप भरला होता. दुसरा भरला. तिसऱ्याच्या वेळी थोडा बशीत सांडला.

"हा कुणाचा?" रफूताईंनी विचारलं.

"हिचा. उभी काय राहतेस गं? बस आमच्याबरोबर."

तर तुम्ही कधी जुना टी-सेट घ्यायला निघालात, तर सोनेरी काठावर भाळू नका. टिचकी मारा, तळ पाहा, झाकण काढून आत डोकवा. आणि घरी नेलंत की आम्हाला काचेआड कोंडू नका. हातून निसटायची भीती मलाही आहे. तरी मला उचला. चला, आज मंगळवार आहे. रफूताईंनी पिशवी काढली.