मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

मी एक जुना ब्रेक आहे, आणि तुम्ही माझी गोष्ट शेवटपर्यंत वाचाल यावर माझा अजून विश्वास बसलेला नाही. रागावू नका, मित्रांनो. माझा स्वभावच संशयी आहे. चालवणाऱ्याच्या पायाशी असतो तो नेहमीचा ब्रेक मी नव्हे. ड्रायव्हिंग शिकवायच्या गाडीत शेजारी बसलेल्या मास्तरांच्या पायाशीही एक ब्रेक असतो, शिकणारा चुकला तर गाडी थांबवायला. तो मी.

कारखान्यात एक लोखंडी पट्टी कापली, वाकवली, तिच्यावर काळं रबर चढवलं आणि मी तयार झालो. पुढे मला या गाडीत बसवून एका सळईने पलीकडच्या ब्रेकशी जोडलं. आमच्यातला एक दाबला की दुसराही आपसूक खाली जातो. जुळी भावंडंच म्हणा ना, पण स्वभाव दोन टोकांचे. तो भोळा, जो पाय ठेवील त्याचा. माझ्या वाट्याला मात्र मास्तरांचा पाय आला आणि त्यांचा संशय माझ्या अंगात भिनला.

मास्तरांना रस्त्यावरच्या कशाचाच भरवसा नसे. उभ्या गाडीचं दार आत्ता उघडेल, थांबलेल्या बसच्या पुढून कुणीतरी निघेल, चेंडू घरंगळत आला म्हणजे मागून पोर येणारच. "रस्त्यावर मी सख्ख्या भावावरसुद्धा विश्वास ठेवत नाही," असं ते म्हणत. त्यांच्या भावाला गाडी चालवताना मी एकदा पाहिलं आणि मला ते अगदी पटलं.

नवा शिकाऊ आला की मास्तर माझ्याकडे बोट दाखवत. "घाबरायचं नाही. हा आहे ना माझ्या पायाखाली." हे ऐकलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढे. किती सायकलस्वार, किती म्हातारी माणसं आणि एक अतिशय बेफिकीर कुत्रा माझ्यामुळे घरी सुखरूप पोचला. त्यांच्यापैकी कुणीही वळून आभार मानले नाहीत, हेही सांगून ठेवतो.

मग मास्तरांची थोरली मुलगी गाडीत बसली. पोरगी हुशार. नियम तोंडपाठ, हात स्थिर, परवाना पहिल्या फटक्यात मिळालेला. आता तिला शाळेची व्हॅन चालवायची होती. जुने व्हॅनवाले काका काम सोडणार होते आणि शाळेने तिला विचारलं होतं. तिचा जीव त्या कामात अडकला होता. पण मास्तर काही केल्या हो म्हणेनात, रोज याच गाडीत सरावाला बसवत.

"का नाही, बाबा? माझं काय चुकतं ते तरी सांगा."

"चुकत नाही गं तुझं. तेच तर अवघड आहे."

मला ते बरोबर कळत होतं. थोरली कधी चुकतच नसे. मुख्य रस्ता तिचा असला की गल्लीतून तोंड काढणाऱ्या टेम्पोसाठी ती पाय उचलत नसे. गोल चौकात तिची पाळी असली की ती जाई. मधे कुणी घुसला तर मास्तरांचा बूट धाडकन माझ्यावर येई, गाडी कचकन थांबे आणि थोरलीच्या नाकाला मिरच्या झोंबत.

"पाळी माझी होती!"

"होती ना. पण त्या टेम्पोवाल्याला कुणी सांगितलं होतं का?"

"त्याला नियम माहीत नकोत?"

"हवेत. असतील याची खात्री तू कशावरून देतेस? आणि व्हॅनमध्ये दुसरा ब्रेक नसतो, हे विसरू नकोस."

यावर ती पुन्हा गाडी सुरू करी. मला तिची दया येई आणि स्वतःचा अभिमानही वाटे. आपण नसतो तर हिचं काय झालं असतं, असं मनात येई.

एका रविवारी मास्तर रबरं बदलायला बसले. माझं रबर काढून त्यांनी एका तळहातावर ठेवलं, पलीकडच्या भावाचं दुसऱ्यावर. माझ्यावरच्या रेघा पार पुसून गेल्या होत्या. भावाच्या रबरावरच्या रेघा अजून बोटाला लागत होत्या. आता कौतुक होणार म्हणून मी वाट पाहत राहिलो. मास्तर मात्र दाराशी बसून त्या दोन रबरांकडे बघतच राहिले.

"अरे देवा," ते शेवटी पुटपुटले. "म्हणजे ब्रेक मीच दाबत आलो, सगळा संशय मीच घेत बसलो. पोरीला घेऊच दिला नाही."

मित्रांनो, त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. ज्याला मी माझी कर्तबगारी समजत होतो, त्यानेच थोरलीचं नुकसान झालं होतं. मी थांबवतो हे तिच्या पायाला ठाऊक होतं, म्हणून तिचा पाय कधी हललाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी थोरली गाडीत बसली तेव्हा मास्तर सहज म्हणाले, "आज माझा ब्रेक बिघडलाय बरं का."

मी बिघडलोय? कालच नवं रबर चढवलेला, ठणठणीत मी! माझ्या मनात पाल चुकचुकली. मला काढून टाकायचा बेत तर नाही? थोरलीलाही शंका आली. तिने खाली वाकून बघितलं.

"खोटं बोलताय ना, बाबा?"

"माझे पाय बघू नकोस. रस्ता बघ."

गाडी निघाली. मास्तरांचा बूट माझ्यापासून बोटभर वर तरंगत होता. हे थोरलीला दिसत नव्हतं, मला दिसत होतं. तिला मात्र काहीच नक्की ठाऊक नव्हतं. शेजारच्या बापाचासुद्धा भरवसा उरला नाही, तेव्हा ती पहिल्यांदा इकडेतिकडे बघू लागली.

मोठ्या चौकात आमचा सिग्नल हिरवा होता. पुढे कुणी नव्हतं. आडव्या रस्त्याने पाण्याचा टँकर येत होता. त्याचा सिग्नल लाल होता, पण चाकांचा वेग काही उतरत नव्हता. आता बूट येणार, आत्ता येणार, म्हणून मी अंग आवळून बसलो. बूट खाली निघालासुद्धा.

आणि माझ्यावर कुणाचाही पाय नसताना मी खाली गेलो.

पार तळापर्यंत गेलो. पलीकडे थोरलीचा पाय होता. मास्तरांचा बूट हवेतच राहिला. गाडी रेषेच्या अलीकडे थांबली. मागचा गाडीवाला हॉर्नवर हात ठेवून ओरडला, "अहो ताई, हिरवा आहे! झोप लागली का?" तेवढ्यात टँकर आमच्या बॉनेटसमोरून सुसाट गेला. मागचा हॉर्न बंद पडला.

थोरलीने टँकर दिसेनासा होईपर्यंत पाहिलं. "बाबा," ती हळूच म्हणाली, "सिग्नल माझा होता."

मास्तरांचे डोळे भरून आले होते. "तुझाच होता, बाळा. अजूनही तुझाच आहे. आजूबाजूला बघ आणि जा."

त्या महिन्यात शाळेची व्हॅन थोरलीच्या हाती आली. मी अजून मास्तरांच्या गाडीतच आहे. हल्ली त्यांचा बूट माझ्यावर उशिरा येतो. आधी ते शिकणाऱ्याला विचारतात, "समोर काय दिसतंय? त्यातलं तुम्हाला काय पटत नाही?" मी पूर्वीइतका झिजत नाही. सुरुवातीला मला ते लागलं, आता बरं वाटतं.

मित्रांनो, तुम्ही सायकल चालवत असाल, रस्ता ओलांडत असाल. पट्टे तुमचे असतील, सिग्नल तुमचा असेल, आणि तो हक्क कुणी हिरावून घेऊ नये असंच मलाही वाटतं. पण पाऊल टाकण्याआधी समोरच्याची चाकं खरंच थांबताहेत का, एवढं बघा. थांबत नसतील तर जाऊ द्या त्याला. तुमच्या सायकलीला मी नाही. तुमच्या शेजारी बोटभर वर तरंगणारा बूटही नाही. तिथे फक्त तुमचाच पाय आहे.