मोठ्या माशाचा तुकडा

मी प्रयोगशाळेत माशांमधला पारा मोजतो. घरी पाहुणे आले की माझं व्याख्यान सुरू होतं. पाण्यातला पारा शेवाळात जातो, शेवाळ बारके मासे खातात, त्यांना मोठे मासे खातात, आणि सगळ्यांचा पारा शेवटी सर्वांत मोठ्या माशाच्या अंगात साठत राहतो.

मध्यंतरी आमच्याकडे केसांतला पारा मोजणारं यंत्र आलं. ते तपासायला मी बायकोचे आणि मुलीचे थोडे केस नेले. डोक्यावर उरलेल्या केसांपैकी काही स्वतःचेही कापून ‘स्वच्छ नमुना’ म्हणून मोठ्या ऐटीत दिले.

त्या दोघी ठणठणीत निघाल्या. माझा आकडा बघून साहेबांनी यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. आकडा काही हलला नाही.

घरी येऊन मी बायकोला विचारलं, “आपण एकाच घरात जेवतो, मग मलाच कसा पारा?”

“अहो, बारक्या माशांना काटे असतात म्हणून तुम्ही नाक मुरडता. तुमच्यासाठी मोठ्या शिकारी माशाचे जाड तुकडे आणावे लागतात. बारके मासे आम्ही दोघी खातो.”

“म्हणजे बाबा,” मुलगी म्हणाली, “घरातला सर्वांत मोठा मासा तुम्हीच!”

मी जन्मभर मासे तपासले, पण स्वतःच्या ताटातला मासा कधी तपासावासा वाटलाच नाही.

दुसऱ्या दिवशी मी निमूटपणे बारक्या माशांचं ताट पुढे ओढलं. पहिल्याच घासाला काटा घशात अडकला. बायकोने पाठीत धपाटा घातला, मुलीने पाणी आणलं, पण हसू दोघींनाही आवरेना.