सोळा नंबरची खुर्ची

आमच्या पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात फोन पंधरा आणि फोन घेणाऱ्या बायकाही पंधरा. तरी गेल्या सहा महिन्यांत सगळ्यात जास्त तक्रारी आल्या त्या सोळा नंबरच्या बाईविरुद्ध. तीनशे बारा. उद्धट बोलते, फोन आपटते, ऐकून घेत नाही. अशी बाई कक्षात नाहीच. तिला जन्माला घातलं ते मी, कक्षप्रमुखाने.

त्याचं असं झालं. ग्राहकाने विचारलं तर टेबलाचा नंबर सांगावाच लागतो, असा नियम आहे. नळ कोरडा पडला की माणसाला पाइप दिसत नाही, इंजिनिअर तर मुळीच दिसत नाही. फोनवरची बाई तेवढी तावडीत सापडते. अकरा वर्षांपूर्वी एकाच्या तावडीत आमची सात नंबर सापडली. तो रोज फोन करून तिलाच मागायचा आणि तोंडाला येईल ते बोलायचा. पुढे फाटकाशी उभा राहायला लागला. ती माझ्याकडे आली तेव्हा मी महिन्याचा तक्ता भरत होते. वर न बघताच म्हणाले, "मनावर घेऊ नकोस गं. चहा घे." तिने चहा घेतला, कप विसळून पालथा घातला आणि दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

त्यानंतर मी फर्मान काढलं: कुणी शिव्या देत नंबर मागितला तर सोळा सांगायचा. का, ते सांगितलं नाही. आता त्या वेळची माझ्याशिवाय कुणी उरलेली नाही.

कोपऱ्यात हात मोडलेली एक खुर्ची पडून होती. कुणीतरी तिच्या पाठीवर खडूने १६ लिहिलं आणि मग रीतच पडली. चहाच्या सुट्टीत, जिचा दिवस वाईट गेला असेल तिने स्टूल ओढून खुर्चीसमोर बसायचं आणि "ऐक बाई, आज तुझा काय काय उद्धार झाला" म्हणून सगळं ओकून टाकायचं. खुर्ची बिचारी ऐकून घ्यायची. बाकीच्यांची हसून पुरेवाट व्हायची. मी आपली दुरून ऐकायचे. कक्षप्रमुखाने खुर्चीशी बोलणं बरं दिसत नाही.

मग मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. तिथे कर्मचारी स्वास्थ्य अधिकारी अशी नवी जागा निघाली होती. ते साहेब गुरुवारी येऊन सोळा क्रमांकाच्या कर्मचाऱ्याची मनःस्थिती तपासणार होते. कर्मचारी हजर न राहिल्यास सगळ्या टेबलांची रेकॉर्डिंग ऐकून कुणाच्या किती तक्रारी ते ठरवण्यात येईल, असं खाली लिहिलं होतं.

वाचून सगळ्यांची पाचावर धारण बसली. तीन नंबरची जरा जास्तच. टेकडीवरचा भाग तिच्याकडे, तिथे पाणी चढतच नाही, त्यामुळे त्या तीनशे बारांतल्या शंभर तरी तिच्या. वीसच्या वर तक्रारी निघाल्या की कंत्राट वाढत नाही, आणि तिचं पुढच्याच महिन्यात संपत होतं. घरात कमावती ती एकटी, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या.

"मॅडम, मीच जाऊन सांगते," ती म्हणाली. "माझ्यापायी सगळ्यांना कशाला त्रास?"

"गप्प बस आणि फोन घे."

राग माझ्या नाकावर असतो हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे सगळ्या आपापल्या फोनकडे वळल्या. खरं तर मी तिच्यावर रागावले नव्हते. मी घाबरले होते. आणखी एकीने कप विसळून निघून जावं, हे मला सोसलं नसतं.

गुरुवारी साहेब आले. काडीसारखा माणूस, सर्दीने बेजार, खिशात दोन रुमाल. माझ्याच केबिनमध्ये बसून त्यांनी छापील फॉर्म उघडला.

"सोळा नंबर?"

"मीच."

"तुम्ही तर कक्षप्रमुख ना?"

"माणसं कमी पडली की फोन घेते."

त्यांनी मान डोलावली. "झोप लागते?"

"लागते. पण झोपेत तक्रार क्रमांक सांगत असते म्हणे." हे पाच नंबरचं होतं.

"भूक?"

"अकरापर्यंत असते. दोन-चार शिव्या खाल्ल्या की पोट भरतं." हे नऊ नंबरचं.

"घरी चिडचिड?"

"लेकाने हाक मारली की तोंडातून 'तुमची तक्रार नोंदवली आहे' असं येतं." हे तीन नंबरचं. दुरून ऐकलेलं सगळं कामाला येत होतं.

"मन मोकळं करायला इथे कुणी आहे?"

"एक खुर्ची आहे."

ते हसले नाहीत. "डोक्यातून जात नाही अशी एखादी गोष्ट?"

याचं उत्तर कुणाचं उसनं घ्यावं ते सुचेना. "कुणी कप विसळून पालथा घातला की मला कसंतरी होतं," मी म्हणाले, आणि डोळे पुसायला पदर शोधू लागले. मला भयंकर लाज वाटली. साहेबांनी खिशातला दुसरा, कोरडा रुमाल माझ्यापुढे ठेवला.

मग त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "बाई, मी सकाळी तुमच्या आधी येऊन फोन मोजले. पंधरा आहेत."

ज्यांना मी कधी पाहिलंही नाही, त्या तीन नंबरच्या सासूबाई डोळ्यांसमोर आल्या.

"शिव्या देणाऱ्याचा फोन ठेवून द्या, असं लिहायचा अधिकार मला नाही," साहेब म्हणाले. "मागितलाय. मिळेल तेव्हा मिळेल. या फॉर्मवर माझ्या हातात एवढंच आहे: फोनपासून विश्रांती, कामाचे तीस दिवस. ती सोळा नंबरला देतो. खुर्चीत कोण बसतं, ते फॉर्म विचारत नाही."

"आणि तक्रारी?"

"सोळा नंबरच्याच नावावर राहतील. विश्रांतीवरच्या माणसावर कारवाई करत नाहीत." त्यांनी सही केली आणि शिंकले.

तीस दिवस, पंधरा जणी. प्रत्येकीला दोन. मी तक्ता करून भिंतीला लावला आणि खुर्चीचा हात सुतळीने बांधून घेतला. पाच नंबर दोन्ही दिवस बसल्याबसल्या झोपली. नऊ नंबरने डबा पहिल्यांदाच पुरा संपवला. तीन नंबर तिच्या पहिल्या दिवशी फोन वाजला की उठायची आणि बाकीच्या तिला खांद्याला धरून खाली बसवायच्या. चौथ्या आठवड्यात तिचं कंत्राट वाढल्याचं पत्र आलं. ती दाखवायला आली तेव्हा मी म्हणाले, "बरं झालं. आता फोन घे." माझ्याने तेवढंच बोलवलं.

तिसावा दिवस तिचाच होता. सकाळी बघते तर तक्त्यावर 'तीन' खोडून कुणीतरी 'मॅडम' लिहिलेलं.

"हे काय?"

"आज तुम्ही बसा," तीन नंबर म्हणाली.

"मी फोन घेत नाही. मला कसली विश्रांती?"

"साहेबांचा रुमाल अजून तुमच्या ड्रॉवरमध्ये आहे, मॅडम."

तक्रारीच्या मुळापर्यंत जाऊन चौकशा करायची सवय मीच लावलेली, बोलणार कुणाला? बसले. चहाच्या सुट्टीत तीन नंबरने स्टूल ओढून माझ्यासमोर ठेवलं. मला वाटलं, रीतीप्रमाणे ती आपलं काही सांगेल. ती ऐकायलाच बसली होती. बाकीच्याही कप घेऊन येऊन उभ्या राहिल्या. मग मीच सांगायला लागले. सात नंबर, फाटकाशी उभा राहणारा माणूस, माझा तक्ता, वर न बघता बोललेलं ते वाक्य, विसळलेला कप. आता कुणीतरी 'मनावर घेऊ नका' म्हणेल, याची मी वाट बघत होते. कुणी म्हणालं नाही.

"मग?" तीन नंबरने विचारलं.

"मग काही नाही. मी तिला शोधलंच नाही."

"जुन्या रजिस्टरात पत्ता असेल की," ती म्हणाली, आणि कपाटाच्या किल्लीसाठी तिने हात पुढे केला.